तेर परिसरात सदाफुली : लागवड, पाणी आणि पावसाळ्यातील जपणूक

सदाफुली हे तेरसारख्या कोरड्या, तापट भागातल्या अंगणासाठी सर्वांत कमी खर्चाचे बारमाही फुलझाड आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो, गुलाबाची पाने कडेने करपतात, शेवंती तग धरत नाही. सदाफुली मात्र त्याच उन्हात रोज नवी फुले उघडते. तरीही ती लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते. सगळा उन्हाळा फुललेले झाड जुलै-ऑगस्टमध्ये अचानक मान टाकते आणि आठवडाभरात वाळून जाते. पाणी कमी पडले असे समजून बहुतेक जण आणखी पाणी घालतात, आणि शेजारची झाडेही जातात.

कारण साधे आहे. सदाफुली उन्हाने मरत नाही, मुळाशी साचलेल्या पाण्याने मरते. जागा निवडण्यापासून छाटणीपर्यंतचा प्रत्येक निर्णय ही गोष्ट लक्षात ठेवून घ्यावा लागतो.

झाडाची ओळख, गरजेपुरती

सदाफुली मूळची मादागास्करची. कण्हेर, तगर आणि चाफा हे तिचे कुळभाऊ, त्यामुळे उन्हाचा कणखरपणा आणि अंगातले विष हे दोन्ही गुण तिच्यात आहेत. रोपवाटिकेत ती बहुधा ‘विंका’ या नावाने मिळते. झाड तेच आहे. गावठी सदाफुली दोन ते तीन फूट वाढते, फुले गुलाबी किंवा पांढरी, कधी पांढऱ्या फुलाला मध्ये लाल ठिपका. संकरित जाती बुटक्या, पसरट आणि मोठ्या फुलांच्या असतात.

झाड बहुवर्षायू असले तरी दोन-तीन वर्षांनी खोड लाकडासारखे होते, खालचा भाग उघडा पडतो आणि फुले घटतात. म्हणून दर दोन वर्षांनी नवी रोपे तयार करणे हा लागवडीचाच भाग मानावा. थंडी तिला मानवत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांवर आले की वाढ थांबते आणि काही पाने पिवळी पडतात. हा रोग नव्हे. त्यावर खत किंवा औषध घालू नये. फेब्रुवारीत झाड आपोआप सावरते.

तेरची माती आणि पाऊस

तेर तेरणा नदीच्या काठी आहे. या भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो सारखा पडत नाही. दोन-तीन दिवसांत धो-धो कोसळतो आणि मग पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो. नदीकाठची जमीन भारी काळी आहे. ही माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटवते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात हीच माती आकसून हात आत जाईल एवढ्या भेगा पाडते. माळाकडे जावे तशी माती हलकी आणि मुरमाड होत जाते. पिकासाठी काळे रान चांगले, पण सदाफुलीसाठी माळाची मुरमाड जमीन अधिक चांगली, हे येथील बहुतेकांना पटायला वेळ लागतो.

तुमच्या अंगणातली जमीन कोणती, हे एका सकाळीत कळते. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा काढून पाण्याने भरा. ते पाणी जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी दोन तासांत जिरले तर सदाफुली थेट जमिनीत लावता येईल. चार तासांनंतरही पाणी दिसत असेल तर उंच वाफा किंवा कुंडी हेच दोन पर्याय उरतात.

माती कोठून आणावी, कोठून आणू नये

काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात हलकी माती भरणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. भोवतालची काळी माती पाणी सोडत नाही, त्यामुळे पावसाळ्यात त्या खड्ड्याची टाकी होते आणि मुळे त्यात बुडून राहतात. खड्ड्याऐवजी जमिनीच्या वर वीस ते पंचवीस सेंटीमीटर उंचीचा वाफा करावा आणि कडेला विटा किंवा दगड लावावेत. मिश्रणाचे प्रमाण असे :

- वरच्या थरातील शेतमाती : २ भाग
- चाळलेला जाड मुरूम किंवा क्रशरची कच : २ भाग
- पूर्ण कुजलेले शेणखत : १ भाग

क्रशरची कच वापरायची असेल तर बारीक पीठ चाळून काढून टाकावे. ते पीठ राहिले की मातीची छिद्रे बुजतात आणि कच घालण्याचा हेतूच फसतो.

तलावाचा गाळ या कामासाठी घेऊ नये. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेपासून गाळ सहज मिळतो आणि हलक्या शेतजमिनीला तो उत्तम आहे. सदाफुलीच्या वाफ्यात किंवा कुंडीत मात्र तो सिमेंटसारखा बसतो.

तेरमध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते. जुन्या गावठाणाची पांढरी माती खत म्हणून नेण्याची रीत महाराष्ट्रात पूर्वापार आहे. तेर हे प्राचीन ‘तगर’. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या बाजारपेठेचा उल्लेख येतो, आणि गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनकाळाचे अवशेष निघाले आहेत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या अशा वस्तूंतूनच येथील शासकीय संग्रहालय उभे राहिले. त्या टेकाडांची माती किंवा तिच्यातली खापरे कुंडीसाठी आणू नयेत. संरक्षित स्थळावर खोदणे कायद्याने गुन्हा आहे. स्वतःच्या अंगणात वाफा खणताना नाणी किंवा तशी मौल्यवान वस्तू सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. बागेच्या दृष्टीनेही पांढरी माती निकामीच आहे. तिच्यात राख, चुना आणि क्षार जास्त असतात, आणि त्यामुळे सदाफुलीची पाने पिवळी पडतात.

जागा आणि कुंडी

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा हवी. सावलीत झाड जगते, पण फांद्या लांबट होतात, फुले कमी येतात आणि पावसाळ्यात पाने वाळायला वेळ लागून रोग वाढतो. घराच्या पागोळ्या पडतात ती रेघ टाळावी. नळाजवळची आणि मोरीच्या तोंडाशी असलेली जागाही टाळावी. तेथे पाणी आयते मिळते म्हणून बरेच जण झाड लावतात आणि तेथेच ते कुजते.

कुंडीसाठी भाजलेल्या मातीची, आठ ते दहा इंचांची कुंडी घ्यावी. तेर ही गोरोबाकाकांची, म्हणजे मडकी घडवणाऱ्या संताची भूमी. मातीच्या कुंडीचे महत्त्व येथे वेगळे सांगायला नको. तिच्या अंगातून पाणी पाझरून उडते, माती लवकर वापशावर येते आणि उन्हाळ्यात मुळे थंड राहतात. प्लॅस्टिकची काळी कुंडी पश्चिमेच्या भिंतीला ठेवली तर मे महिन्यात मुळे शिजतात. प्लॅस्टिकचीच वापरायची असेल तर पांढरी घ्यावी, तळाला चार-पाच भोके पाडावीत आणि तिला दुपारनंतर भिंतीची सावली मिळेल असे पाहावे.

भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती वाहत नाही आणि पाणी अडत नाही. तळाशी खडीचा जाड थर देण्याची गरज नाही. त्याने निचरा वाढत नाही, मुळांची जागा मात्र घटते. कुंडी स्लॅबवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवावी. खालची थाळी जूनच्या सुरुवातीलाच काढून टाकावी.

बी, काडी की तयार रोप

*बी.* सर्वांत स्वस्त मार्ग. पेरणी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत करावी. सदाफुलीचे बी अंधारात उगवते, म्हणून ते मातीवर नुसते विखरून चालत नाही. तीन-चार मिलिमीटर मातीखाली झाकून वर ओले गोणपाट किंवा वर्तमानपत्र घालावे. आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसले की आच्छादन त्याच दिवशी काढावे. एक दिवसाचा उशीर झाला तरी रोपे लांबट होऊन पडतात. पानांच्या तीन जोड्या आल्या की रोप मातीच्या गड्ड्यासह, संध्याकाळच्या वेळी हलवावे. मुळे उघडी पडलेली तिला आवडत नाहीत. पेरणीपासून अडीच-तीन महिन्यांत पहिले फूल येते, म्हणजे फेब्रुवारीतले रोप मेमध्ये फुलते.

*काडी.* आवडत्या रंगाचे झाड हुबेहूब हवे असेल तर हाच मार्ग, कारण संकरित झाडाच्या बियांपासून तोच रंग येईल याची खात्री नसते. फुले नसलेला, चार-पाच इंचांचा शेंडा पेराच्या खाली कापावा, खालची पाने काढावीत आणि ओलसर वाळूत सावलीत लावावा. तीन-चार आठवड्यांत मुळ्या फुटतात. फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर हे दोन काळ यासाठी चांगले.

*तयार रोप.* फुलांनी लदलेले रोप निवडू नये. बुटके, भरपूर फांद्यांचे आणि कळ्यांवर असलेले रोप घ्यावे. पिशवी उलटी करून मुळे पाहावीत : पांढरी असतील तर चांगले, तपकिरी आणि लिबलिबीत असतील तर रोप परत ठेवावे. मुळकुजीला प्रतिकारक म्हणून विकल्या जाणाऱ्या संकरित जाती आता मिळतात. भारी जमीन असेल तर त्यांना थोडे जास्त पैसे देणे योग्यच ठरते. बियाणे घेताना पावती मागावी आणि रिकामे पाकीट जपून ठेवावे. पाकिटावरील दाव्याप्रमाणे बी न उगवल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क आहे, पण त्यासाठी हे दोन पुरावे लागतात.

झाडे लावायची ती पावसाळ्यात, ही सर्वसाधारण रीत सदाफुलीला लावू नये. जूनमध्ये लावलेल्या कोवळ्या रोपाची मुळे रुजण्याआधीच त्याच्याभोवती चिखल होतो. उन्हाळ्यात लावलेले रोप मात्र मृगाच्या पावसाला तोंड देण्याइतके घट्ट झालेले असते. दोन झाडांत एक ते दीड फूट अंतर ठेवावे. रोपे लहान असताना हे अंतर जास्त वाटते आणि मधली जागा भरण्याचा मोह होतो, तो आवरावा.

पाणी

नव्या रोपाला पहिले तीन आठवडे दिवसाआड पाणी द्यावे. त्यानंतर जमिनीतील झाडाला पुढीलप्रमाणे पुरते :

- मार्च ते मे : चार-पाच दिवसांनी एकदा, प्रत्येक झाडाला दोन-तीन लिटर
- पावसाळ्यात : मुळीच नाही, दहा-बारा दिवसांचा खंड पडून माती बोटभर खोल कोरडी झाली तरच एकदा
- ऑक्टोबर ते फेब्रुवारी : आठ-दहा दिवसांनी

कुंडीला मे महिन्यात रोज सकाळी पाणी लागते. एरवी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी घालावे.

मेच्या दुपारी पाने मिटून खाली झुकतात. झाड आपल्या अंगातले पाणी राखत असते. संध्याकाळी पाने पुन्हा ताठ झाली तर काहीही करू नये. सकाळी सहा-सातलाही पाने झुकलेली असतील तरच काळजी करावी. पाणी नेहमी बुडाशी द्यावे. पाइपाने झाडावरून पाणी मारण्याने धूळ जाते, पण ओल्या पानांवर बुरशी बसते.

टंचाईत सदाफुली भाज्या, तांदूळ किंवा डाळ धुतलेल्या पाण्यावर आनंदाने जगते. कपडे-भांडी धुतलेले साबणाचे पाणी देऊ नये, कारण त्यातील सोडियमने काळी माती आणखी घट्ट होते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी कुंडीला नियमित दिले तर क्षार साठतात. बोअरच्या जड पाण्यानेही कुंडीच्या कडेला पांढरी पुटे चढतात. ती दिसू लागली की पहिल्या दमदार पावसात कुंडी तासभर उघड्यावर ठेवून धुऊन निघू द्यावी आणि मग आडोशाला घ्यावी.

उन्हाळ्यात बुडाशी उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट दोन इंच पसरल्यास पाणी वाचते. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी.

पावसाळा : येथे झाड वाचते किंवा जाते

पाऊस सुरू होण्याआधी, रोहिणी नक्षत्र चालू असतानाच, पुढील कामे उरकावीत.

1. पाचट-भुसकटाचे आच्छादन पूर्ण काढून टाकावे. उन्हाळ्यात ते झाड वाचवते, पावसाळ्यात तेच खोड कुजवते.
2. खोडाभोवती पाण्यासाठी केलेले आळे मोडावे आणि माती खोडाकडून बाहेर उतरती करावी. ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट.
3. वाफ्याच्या उताराकडील बाजूला वीतभर खोल चर काढावा.
4. मातीला टेकणाऱ्या खालच्या फांद्या काढाव्यात, म्हणजे चिखलाचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. बुरशी याच शिंतोड्यांवाटे वर चढते.
5. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून बुडाशी द्यावी. तांब्याचे औषध आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊ नये. तांब्याने मित्रबुरशीही मरते. दोहोंत पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे.

झड लागल्यावर दर दोन दिवसांनी झाडाच्या बुडाशी पाहत जावे. मुळकूज ओळखण्याची खूण अशी : माती ओली आहे, तरीही सकाळी पाने लोंबलेली आहेत. खोड जमिनीलगत राखाडी-तपकिरी होते, नख लावले की साल ओली सुटून येते आणि आत हिरव्याऐवजी तांबूस रंग दिसतो. कधी रोग वरून सुरू होतो. शेंड्याकडची एखादी फांदी पाण्यात भिजल्यासारखी काळपट होते आणि तेथून वाळत खाली येते.

फक्त फांदीला लागण असेल तर निरोगी भागापर्यंत ती कापावी आणि प्रत्येक कापानंतर कात्री पुसून घ्यावी. खोडाच्या बुडालाच लागण झाली असेल तर झाड वाचत नाही. ते भोवतालच्या मातीसह उपटावे आणि जाळावे किंवा दूर पुरावे. उकिरड्यावर टाकू नये, नाहीतर तेच खत पुढच्या वर्षी रोग घेऊन परत येते. शेजारच्या झाडांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड, एक लिटर पाण्यात अडीच ते तीन ग्रॅम, ओतावे. घरी करायचे असेल तर एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण चालते : एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. औषध नेहमी सीलबंद, लेबल असलेले आणि मुदतीतले घ्यावे. सुटे औषध कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

जेथे झाड कुजले तेथे पुढची दोन वर्षे सदाफुली लावू नये. झेंडू लावावा.

पाने पिवळी पडली तर

कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या, असे दिसले तर तो लोहाच्या कमतरतेचा केवडा आहे. भुईमुगावर आणि उसावर तो या भागात सर्वांच्या ओळखीचा आहे. चुनखडीयुक्त मातीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी फवारावे, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. फक्त खालची जुनी पाने पिवळी होत असतील तर आधी मातीची ओल पाहावी; बहुधा पाणी जास्त होत असते.

फुले हिरवी होऊन पानासारखी दिसू लागली, पाने बारीक होऊन झुबके आले, तर त्यावर औषध नाही. हा रोग तुडतुडे पसरवतात. झाड लगेच उपटावे. कोरड्या महिन्यांत फांद्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दिसतो. तो पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा आणि लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल, थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून, फवारावे.

खत आणि छाटणी

खत कमीच द्यावे. फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक झाडाला दोन मुठी गांडूळखत पुरते. युरिया दिल्यास पाने गर्द हिरवी दिसतात, पण फांद्या कोवळ्या, पाणीदार होतात आणि पावसाळ्यात याच फांद्या आधी कुजतात.

मुख्य छाटणी फेब्रुवारीच्या मध्यावर करावी आणि झाडाचा वरचा एक तृतीयांश भाग काढावा. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर फक्त शेंडे खुडावेत. जून ते सप्टेंबर या काळात रोगट फांदी सोडून कशालाही कात्री लावू नये. ओल्या हवेत कापलेली जागा उघडी राहते आणि रोगाला आत यायला वाट मिळते. वाळलेली फुले काढत बसण्याची गरज नाही, ती आपोआप गळतात.

मुले, जनावरे आणि घरगुती औषध

सदाफुलीचे सारे भाग विषारी आहेत. शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाच्या कडेला ती सुरक्षित राहते. पण छाटलेल्या फांद्या वैरणीत किंवा गव्हाणीजवळ टाकू नयेत. फुलांची पूजेला अडचण नाही, फक्त रांगत्या मुलांच्या हाती शेंगा-पाने लागू देऊ नयेत.

मधुमेहावर सकाळी सदाफुलीची पाने किंवा फुले चावून खाण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. तो पाळू नका. १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधक मधुमेहाच्याच औषधाच्या शोधात या झाडाकडे वळले होते. त्यांना आढळले ते पांढऱ्या रक्तपेशी घटवणारे द्रव्य, आणि त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध निघाले. पुढे याच झाडातून रक्ताच्या कर्करोगावरचे विनक्रिस्टिनही मिळाले. ही औषधे शुद्ध करून, मोजून, रुग्णालयातच दिली जातात. घरी चावलेल्या पानात यातले काय आणि किती आहे, हे कुणालाही सांगता येत नाही. घरात कुणी असे सेवन करत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

पुढच्या वर्षाचे बी

फुलाच्या जागी दोन बारीक शेंगा जोडीने उभ्या राहतात. त्या हिरव्या असताना तोडू नयेत आणि पूर्ण वाळेपर्यंतही थांबू नये, कारण वाळलेली शेंग तडकून काळे बारीक बी मातीत पडते. शेंग पिवळसर झाली की सकाळी तोडावी, कागदी पाकिटात ठेवून सावलीत वाळवावी आणि पाकिटावर रंग व महिना लिहावा. एका ग्रॅममध्ये सातशेच्या आसपास बी बसते, म्हणजे चिमूटभर बियांत अख्खी गल्ली लावता येते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत धरलेले बी सर्वांत चांगले उगवते. पावसाळ्यातल्या शेंगांवर बुरशी असते, त्या धरू नका. ताजे बी थोडे दिवस सुप्त राहते, म्हणून ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ठेवून मगच पेरा.